माती दिल्याचा आवाज

नाताळ अंकाच्या संपादकांना जसा लेख हवा आहे, तसा मी लिहू शकलो असतो. कोरोनात एका लहान मंडळीने उपासना कशी चालू ठेवली, फोनवरून प्रार्थना कशा झाल्या, घरोघरी शिधा कसा पोचवला. हे सगळं झालं, आणि त्यातलं थोडं मी सांगणारही आहे. याच विषयावर मागे एका सभेत बोललो होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शाल घातली. ती शाल घरी आणून मी कपाटावर टाकली आणि बायकोला म्हणालो, ही कोणाला तरी देऊन टाक. का, ते तिलाही सांगितलं नाही.

मी पाळक आहे. गावातली हिंदू माणसं मला फादर म्हणतात, आमची माणसं साहेब. फादर लग्न करत नाहीत आणि मला दोन मुलं आहेत, पण हा फरक समजावून सांगायचं मी केव्हाच सोडलं. आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, लहान. काही घरं ओतूरच्या बाजूला, काही जुन्नरकडे, उरलेली खाली आंबेगावात विखुरलेली. रविवारी कोणी एसटीने येतं, कोणी मोटरसायकलवर, कोणी टोमॅटोच्या रिकाम्या पिकअपमध्ये उभं राहून.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाळकाचं काम म्हणजे प्रवचन. प्रवचन हा त्यातला सोपा भाग. खरं काम पायांचं आणि हातांचं. घरी जायचं, बसायचं, नको असला तरी चहा घ्यायचा, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. रोग आला आणि नेमकं तेवढंच बंद झालं.

उपासना आम्ही फोनवर नेली. स्मार्टफोन सगळ्यांकडे नव्हते, आणि डोंगराच्या कडेच्या घरांना रेंज घ्यायला खळ्यात जाऊन उभं राहावं लागायचं. म्हणून साधा कॉल, त्यात जेवढी घरं जोडता येतील तेवढी जोडायची. ती संपली की पुढची. एकच उपासना मी रविवारी सकाळपासून जेवणवेळेपर्यंत तुकड्यातुकड्यांनी करायचो. प्रार्थनेत कोणाची म्हैस हंबरायची, कोणाचा कुकर शिट्टी द्यायचा. एका घरात नवराबायकोचं जोरात चाललं होतं आणि फोन चालू आहे याचा दोघांनाही पत्ता नव्हता. बराच वेळ सगळे गप्प ऐकत राहिले. मग दुसऱ्या घरातून एक म्हातारा म्हणाला, "आवो, आधी तुमचं मिटवा. आमेन आमी थांबून म्हणतो."

भजन मात्र जमेना. एका घरचा आवाज दुसऱ्या घरी मागाहून पोचायचा आणि चाल फाटायची. शेवटी एकाच घराने म्हणायचं आणि बाकीच्यांनी मनात म्हणायचं, असं ठरवलं. आमच्या बायकांना याचं फार वाईट वाटलं. गळा असून मनात काय म्हणायचं!

प्रभुभोजनाचा प्रश्न त्याहून मोठा. त्यात भाकर मोडून वाटतात आणि द्राक्षांचा रस सगळे एकाच प्याल्यातून घेतात. एक प्याला आणि सगळ्यांची तोंडं, म्हणजे आता तर विषच. योगायोग असा की टाळेबंदी लागली तेव्हा आमच्याकडची द्राक्षं अजून वेलींवर होती आणि व्यापारी फिरकत नव्हता. नारायणगावच्या बाजूच्या एका बागायतदाराने बोलावून क्रेटच्या क्रेट दिले. "घेऊन जा फादर. पाखरं तरी किती खात्याल?" बायकोने काळी द्राक्षं मोठ्या पातेल्यात उकळली, गाळली, औषधाच्या बाटल्या उकळून त्यांत रस भरला. मी दर घराच्या उंबऱ्याबाहेर बाटली ठेवून लांब उभा राहायचो. लोक खोकल्याच्या औषधाच्या टोपणात रस ओतून घ्यायचे आणि मी फोनवरून आशीर्वाद म्हणायचो. आमच्या वरिष्ठांनी विचारलं, हे विधीला धरून आहे का? मी म्हणालो, नाही, पण चाललंय.

अडचण आली की तोडगा काढायचा. तो चालून गेला की माणूस सैलावतो. मीही सैलावलो.

मग माणसं मरायला लागली.

आमच्यात दहन करत नाहीत, पुरतात. पेटी खाली उतरली की जमलेला प्रत्येकजण मूठभर माती टाकतो. सख्ख्या माणसाने माती दिली नाही तर त्याला आयुष्यभर चुटपुट लागते. आमच्या दफनभूमीतले खड्डे किसनभाऊ खणतो. तो आमच्या धर्माचा नाही. त्याचा बाप खणायचा म्हणून तो खणतो, आणि बापाचे दोन नियम त्याने सोडलेले नाहीत. मरणाची खबर आली की लगेच कुदळ लावायची. आणि खणलेला खड्डा दिवस मावळेपर्यंत उघडा ठेवायचा नाही. हे काही शास्त्रात लिहिलेलं नाही, पण आम्हीही ते पाळत आलो.

फोनवरची पहिली माती मनोहरच्या आईची. मनोहर दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहे. तो पॉझिटिव्ह निघाला, त्याला शाळेच्या वसतिगृहातल्या कोविड सेंटरला ठेवलं, आणि इकडे आई गेली. अॅम्ब्युलन्सने तिला पिशवीत बांधून आणलं. पेटी नाही, आंघोळ नाही, तोंड बघणं नाही. प्लास्टिकचे अंगरखे घालून आम्ही चौघे. किसनभाऊने खाली उतरून तिला दोरावर घेतली, नीट निजवली आणि वर आला. मी वाक्यं म्हटली, माती टाकली. फोन माझ्या हातात होता.

मनोहर पलीकडून म्हणाला, "साहेब, टाकली का माती? मला काई ऐकू न्हाई आलं."

प्लास्टिकवर माती पडली की नुसतं सळसळतं. ते फोनमधून जात नाही. मी पुन्हा टाकली. "न्हाई येत साहेब," म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. तेव्हा मी कडेला पडलेलं किसनभाऊचं लोखंडी घमेलं पालथं घातलं, फोन जवळ धरला आणि त्यावर मूठभर माती सोडली. पेटीच्या फळीवर पडावी तसा आवाज झाला.

"आला," मनोहर म्हणाला आणि मोकळेपणाने रडला.

त्यानंतर फोनवरच्या प्रत्येक मातीला मी पालथं घमेलं ठेवायला लागलो. कोणाला फसवतोय असं वाटलं नाही. आई खाली होतीच. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. आई खाली होती.

आता शांतवनकाकांचं सांगतो.

काका निवृत्त वायरमन. दफनभूमीचं तारेचं कुंपण त्यांनी स्वतः ताणलेलं. त्यांची एकुलती एक मुलगी शाळेत जायच्या वयात तापाने गेली आणि कोपऱ्यात पुरलेली आहे. तिच्या शेजारची जागा काकांनी स्वतःसाठी राखली होती. तिथं गवत वाढू द्यायचे नाहीत. त्यांची बायको सुगंधामावशी. तोंडाने फटकळ. माझं प्रवचन लांबलं की पुढच्या बाकावरून पदराने वारा घ्यायला लागायची, म्हणजे मी काय ते समजायचं.

दुसऱ्या लाटेत दोघंही तापाने पडले. मावशी कोविड सेंटरला, काकांचा ऑक्सिजन उतरला म्हणून त्यांना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं. जवळचा नातेवाईक कोण, असं विचारल्यावर काकांनी माझा नंबर दिला.

सकाळी फोन आला, काका गेले. ही बातमी मी मावशीला सेंटरमध्ये कळवली आणि किसनभाऊला सांगितली. त्याने कुदळ उचलली. मग थोड्या वेळाने रुग्णालयातून पुन्हा फोन आला. कोणी तरी थकलेला तरुण बोलत होता.

"बॉडी गावाकडे सोडता येत नाही. विद्युतदाहिनीत द्यायची का?"

मी म्हणालो, आमच्यात पुरतात.

"पुरायला इथे जागा आहे हो, पण माझ्याकडे माणसं नाहीत. तुमची दोन माणसं उद्यापर्यंत पाठवा, किट आम्ही देतो. मग तुमच्या पद्धतीने करा."

माणसं पाठवा म्हणजे मी जायचं. आणखी कोण जाणार? त्या आठवड्यात मी त्या रुग्णालयाचे फोटो फोनवर पाहिले होते. बाहेर रांगेत उभ्या अॅम्ब्युलन्स, फुटपाथवर बसलेली माणसं. तो म्हणाला, "हॅलो? काय करू?"

"द्या," मी म्हणालो.

"दाहिनीत?"

"हो."

माझ्या बायकोला दमा आहे. हे कारण खरं होतं. पण ते मला फोन ठेवल्यावर सुचलं.

मी दफनभूमीत गेलो तेव्हा किसनभाऊ छातीइतक्या खड्ड्यात उभा होता. शेजारी मुलीचं थडगं.

"गाडी कधी येती, फादर?"

"गाडी यायची नाही. तिकडेच जाळणार आहेत."

तो कुदळीला टेकून माझ्याकडे बघत राहिला. "मग ह्याचं काय करायचं?"

तेवढ्यात फोन वाजला. सेंटरमधून मावशी.

"साहेब, पोचले का वो ते?"

त्या क्षणी मी नाही म्हणालो असतो तर हा लेख संपादकांना हवा होता तसा झाला असता. मला वाटलं, बाई आजारी आहे, हिचाही ऑक्सिजन कमी आहे, आत्ता हे ऐकून ती जाईल. बरी होऊन आली की समोर बसवून सांगू.

"पोचले, मावशी."

"पोरीशेजारीच ना?"

"शेजारीच."

"मग करा सुरू. नर्सबाई फोन धरून उभी हाये बिचारी."

मी सुरू केलं. माती देताना पाळकाने म्हणायचं जे वाक्य असतं, त्यात मातीबरोबर राखही येते: मातीला माती, राखेला राख. राखेचा भाग मी गाळला. इतकं भान मला होतं. मग घमेलं पालथं घातलं आणि फोन जवळ नेला. किसनभाऊ तोपर्यंत वर येऊन बाजूला उभा राहिला होता. त्याने कशालाही हात लावला नाही. मी रिकाम्या खड्ड्याच्या कडेला वाकून घमेल्यावर माती टाकली. एकदा मावशीच्या नावाने, एकदा मंडळीच्या.

"आलं ऐकू," मावशी म्हणाली. "लई उपकार झाले साहेब."

फोन बंद केल्यावर किसनभाऊ म्हणाला, "खड्डा मी बुजवतो. त्यो उघडा ठेवायचा न्हाई. पन फादर, कोणी इचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई. न्हाई इचारलं तर आपण होऊन बी बोलणार न्हाई."

त्याला कोणीही विचारलं नाही. कोण विचारणार?

राख घेऊन जा, असाही फोन आला होता. मी गेलो नाही.

मावशी बरी झाली. काठी टेकत घरी जायच्या आधी दफनभूमीत गेली. त्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं. ती मातीवर हात फिरवत होती आणि म्हणत होती, "बघा, किती चांगली जागा मिळाली तुमाला." मी सांगितलं नाही. मग तिने क्रूस करून आणला, त्यावर काकांचं नाव. तो उभा करताना मी प्रार्थना केली. त्यानंतर सांगणं अवघड झालं आणि नंतर तर अशक्य. दर रविवारी उपासना संपली की ती शेवंतीची फुलं घेऊन तिथं बसायची आणि मोठ्याने बोलायची. दुधाला काय भाव मिळाला, कोणाच्या पोरीचं जमलं, पाळकाचं प्रवचन आज कसं लांबलं. मी मागच्या खोलीच्या खिडकीतून ऐकायचो. आणि जाईल तिथे ती माझं कौतुक करायची. "सगळी पळाली व्हती. साहेबांनी एकट्यानं माझं माणूस पुरलं." मला शाल मिळाली त्या सभेत ती पहिल्या रांगेत बसली होती. शाल तिच्याच हातून घातली होती.

आमची दफनभूमी लहान आहे. त्यामुळे आमच्यात अशी रीत की नवरा आधी गेला तर काही वर्षांनी त्याचीच जागा उघडायची आणि बायकोला त्याच्यावर ठेवायचं. यंदा मावशीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी फार आशा दिली नाही. तिने मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांना घरी बोलावलं, मीही होतो.

"त्यांचंच उघडा," ती म्हणाली. "माझी हाडं त्यांच्या हाडावर ठेवा. मधी दुसरं काई नको."

पंच हो म्हणाले. मीही मान हलवली.

घरी आल्यावर मी काय विचार केला, तेही लिहितो. मी विचार केला, जागा उघडेल तेव्हा ती नसेल. पंच विचारतील. त्यांना सांगता येईल की इथली माती खारी आहे, पिशवीतल्या माणसाचं काही उरत नाही. असं एक अख्खं वाक्य माझ्या तोंडात तयार झालं होतं. ते मी प्रार्थनेच्या आधी मनात म्हणून बघायचो.

ते वाक्य मोडलं ते तिच्यामुळेच. एका रविवारी तिला रिक्षात बसवत होतो. ती म्हणाली, "साहेब, मला मरायचं भ्या वाटत न्हाई. जाऊन कुठं निजायचं ते ठरलंय ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेलो. ती खाटेवर बसून लसूण सोलत होती.

"मावशी, काका तिथं नाहीत."

"व्हय, वर हायेत. तुमीच तर सांगता दर रविवारी," ती हसली.

"तसं नाही. त्यांना पुरलंच नाही."

मग मी सगळं सांगितलं. रुग्णालयातला फोन, खड्डा, घमेलं. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. लसूण सोलत राहिली. माझं संपल्यावरही बराच वेळ सोलत राहिली.

"मग मी कोणाशी बोलत व्हते?"

मी खाली सांडलेली लसणाची सालं गोळा करायला लागलो.

"राख?"

"आणली नाही."

"का?"

"भीती वाटली."

"कशाची? रोगाची?"

"आधी रोगाची. मग तुमची."

तिने सूप बाजूला सरकवलं. "त्या नर्सबाईला मी म्हणले व्हते, ऐक बाई, आमच्यात कशी शिस्तीत माती देत्यात. ती पोरगी बी रडली व्हती." मग एकदम तिने माझ्याकडे पाहिलं. "माझी पोरगी तरी हाये ना तिथं?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाली, "हाये. तवा मी व्हते."

मी क्षमा मागितली.

"ती आत्ता मागू नका. माझ्यापाशी आत्ता ती न्हाई." मग म्हणाली, "येत्या रविवारी सगळ्यांम्होरं सांगा. मी येते ऐकायला. आन माझ्या मातीला दुसरा पाळक बोलवा. तुमी यायचं. सगळ्यांसारखी माती द्यायची. पण बोलायचं न्हाई. एक शब्द न्हाई. तुमचं बोलणं मी लई ऐकलं."

"आणि जागा?"

"तीच. पोरगी एकटी हाये."

रविवारी मी सांगितलं. ती पहिल्या बाकावर होती, वारा न घेता. कोणी आरडाओरडा केला नाही, केला असता तर बरं झालं असतं. पंचांनी मला काढलं नाही. त्यात क्षमेचा भाग कमी होता, आमच्या भागात कायमचं यायला दुसरा पाळक तयार नव्हता हा जास्त. काही घरं यायची थांबली. चालवत होतं तोवर मावशी येत राहिली. मी प्रभुभोजनाची भाकर घेऊन समोर उभा राहिलो की हात मांडीवर तसेच ठेवायची. बाहेर पडल्यावर आता ती मुलीपाशी बसायची. बोलायची नाही.

भातकापणीच्या दिवसांत ती गेली. शुद्ध होती तोवर मी दोनदा जाऊन बसलो. क्षमा मी पुन्हा मागितली नाही आणि तिने दिली नाही.

किसनभाऊने काकांच्या नावाचा क्रूस उपटून बाजूला ठेवला आणि जागा उघडली. खणत खाली गेला, पूर्ण खोलीपर्यंत गेला. आलेला प्रत्येक माणूस कडेला येऊन आत वाकून बघून गेला. सांगितलेलं असूनही. आत पिवळा मुरूम होता, बाकी काही नव्हतं. बाहेरून बोलावलेल्या पाळकांनी वाक्यं म्हटली, राखेच्या भागासकट. पेटी उतरली. माझी पाळी आल्यावर मी माती दिली आणि मागे सरलो.

माणसं पांगली. मनोहर मात्र थांबला होता. त्याची आई तिथून चार हातांवर आहे. तो तिच्याकडे बघत नव्हता, नुकत्याच बुजवलेल्या जागेकडे बघत होता. मग माझ्याजवळ आला.

"साहेब, माझी आई हाये ना तिथं?"

"आहे, मनोहर. माझ्या डोळ्यांदेखत ठेवली."

त्याने मान हलवली, पण तो गेला नाही. किसनभाऊ नळावर कुदळ धूत होता. मनोहरने तिकडे तोंड वळवलं.

"किसनभाऊ, हाये ना?"

"हाये," किसनभाऊ म्हणाला. "मीच उतरून निजवली."

तेव्हा मनोहर गेटाकडे चालू लागला.